वजनाच्या ऑपरेशननंतर सणासुदीचं जेवण: काय, कधी आणि कोणत्या क्रमाने

वजन कमी करण्यासाठी पोटाचं ऑपरेशन झालेल्यांचे सणाच्या दुसऱ्या दिवशी मला येणारे फोन साधारण तीन प्रकारचे असतात. "दोन घास खाल्ले आणि सगळं बाहेर आलं." "जेवण छान झालं, पण दोन तासांनी हातपाय थरथरायला लागले, घाम फुटला." आणि तिसरा जरा दबक्या आवाजात, "काटा दीड किलो वर गेलाय, पाऊच ताणला गेला का?" (पाऊच म्हणजे ऑपरेशनमध्ये जठराची केलेली छोटी पिशवी.)

माझ्या गॅस्ट्रिक बायपासला सहा वर्षं झाली. मी डॉक्टर नाही, पण या तिन्ही गोष्टी माझ्याही बाबतीत होऊन गेल्यात. त्यामुळे फोनवर मी आधी एकच विचारते, "त्या दिवशी सकाळपासून काय खाल्लं होतं?" उत्तर ठरलेलं असतं. "काहीच नाही. रात्री जेवायचंच होतं ना."

घोळ तिथेच होतो. आपण ताटात काय घ्यायचं याचा आठवडाभर विचार करतो आणि दिवसभराचं वेळापत्रक मात्र वाऱ्यावर सोडतो. खाली सगळं ज्या क्रमाने करायचं त्याच क्रमाने लिहिलं आहे. मधली पायरी गाळलीत तर पुढची नीट चालत नाही.

## आधी हे बघा: ऑपरेशनला किती दिवस झाले?

साधारणपणे पहिले दोन आठवडे पातळ पदार्थ, मग दोनेक आठवडे वाटून मऊ केलेलं अन्न, त्यानंतर आठव्या आठवड्यापर्यंत मऊ शिजवलेलं आणि मग हळूहळू नेहमीचं जेवण, असा क्रम असतो. प्रत्येक सर्जनचं वेळापत्रक थोडं वेगळं असतं आणि तुमच्यासाठी तुमच्या सर्जनचंच खरं.

या आठ आठवड्यांत सण आला तर पुढचं बहुतेक सगळं तुमच्यासाठी नाही. तुम्ही ज्या टप्प्यावर आहात तेच खायचं, हवं तर घरून डब्यात न्यायचं. "एक दिवसाने काय होतंय" हे या काळात अजिबात चालत नाही. आत टाके ताजे असतात. घट्ट घास अडकला आणि जोराच्या उलट्या झाल्या तर ताण थेट त्यांच्यावर येतो.

तपासा: आपलं ऑपरेशन नेमकं कोणतं झालं हे घरातल्या एका तरी माणसाला नावानिशी सांगता येतं का? स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकलेला असतो, पण वाट तीच राहते. बायपासमध्ये छोटा पाऊच करून तो थेट लहान आतड्याला जोडलेला असतो. गोड खाल्ल्यावर काय होईल आणि पोटात दुखलं तर डॉक्टरांच्या मनात काय येईल, हे दोन्हींत वेगळं असतं.

## १. आठवडाभर आधीची तयारी

गोळ्या मोजा. मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम, लोह, ब१२, ड जीवनसत्त्व, तुम्हाला जे लिहून दिलंय ते सुट्या संपेपर्यंत पुरेल एवढं आहे ना? प्रवासाला जाणार असाल तर दिवसवार कप्प्यांची डबी भरून ठेवा. कॅल्शियम आणि लोह यांच्यात किमान दोन तासांचं अंतर लागतं. घरचा दिनक्रम मोडला की हेच अंतर सगळ्यात आधी विसरलं जातं. मी लोह रात्री झोपताना घेते, त्यामुळे जेवणाची वेळ कितीही सरकली तरी घोळ होत नाही.

दुखण्याची गोळी वेगळी ठेवा. पाहुण्यांच्या घरी डोकं दुखलं की कुणीतरी प्रेमाने एक गोळी हातावर ठेवतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन या जातीची गोळी बायपासनंतर घ्यायची नाही, जोडाच्या जागी अल्सर होतो. स्लीव्हवाल्यांनीही विचारल्याशिवाय घेऊ नये. आपली पॅरासिटामॉल आपल्या पर्समध्ये. हृदयासाठी ॲस्पिरिन लिहून दिली असेल तर ती मात्र मनाने बंद करू नका, सर्जनला विचारा.

यजमानांशी एक फोन. काय काय आहे, जेवण किती वाजता, एवढंच विचारायचं. "माझ्यासाठी वेगळं काही करू नका" हे लगेच सांगून टाका, नाहीतर ते खरंच काहीतरी वेगळं करतात आणि मग ते पूर्ण संपवायची जबाबदारी तुमच्यावर येते. एखादा प्रोटीनचा पदार्थ मीच घेऊन येते म्हटलं तर सहसा कुणाची हरकत नसते आणि आपल्याला खाण्यासारखं एक तरी नक्की मिळतं.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांशी आत्ताच बोला. "गोड खाणार आहे म्हणून थोडं जास्त" हा जुना हिशेब आता घातक आहे. ऑपरेशननंतर औषधाची गरज बदललेली असते आणि खाणं निम्म्यात थांबलं तर शुगर धाडकन खाली येते.

## २. सणाच्या दिवशी सकाळ: उपाशी राहू नका

ऑपरेशनच्या आधी आपण "जागा करून ठेवायचो". आता जागाच नाही, तर करणार काय? उपाशी राहून फक्त एक गोष्ट साधते, पहिल्या घासाचा वेग वाढतो. आणि भरभर खाल्लेले पहिले तीन घासच नेमके अडकतात.

रात्री आठचं आमंत्रण असेल तर माझा दिवस असा जातो. सकाळी आठला अंडी किंवा दही. साडेबाराला नेहमीचं जेवण, डाळ किंवा मासे आधी. साडेचारला पुन्हा थोडं प्रोटीन, म्हणजे पनीरचे दोन-तीन तुकडे, उकडलेलं अंडं किंवा प्रोटीन पावडरचं पेय. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन हवं असतं. त्यातलं निदान दोन-तृतीयांश घरून निघण्याआधी पोटात गेलेलं असावं. मग रात्रीचं जेवण मनासारखं नसलं, गडबडीत अर्धं राहिलं, तरी बिघडत नाही.

आता खरी अडचण. आठचं जेवण आठला कधीच वाढलं जात नाही. साडेनऊ होतात, दहा होतात. तोवर टेबलावर खारे दाणे आणि चिप्स असतात, आणि आपण भुकेले. म्हणून पर्समध्ये काहीतरी असू द्या. आठ वाजून गेले आणि स्वयंपाकघरातून अजून हालचाल नाही असं दिसलं की मी माझं छोटं जेवण करून घेते. दहाच्या ताटाला मग फक्त चवीपुरतं बसायचं.

चूक: गोळ्या आणि सकाळचं प्रोटीन "आज सण आहे" म्हणून टाळणं. सुट्या आठ-दहा दिवस चालतात. एका दिवसाची सूट आठ दिवसांची कधी होते ते कळत नाही.

## ३. पाण्याचं गणित

दिवसाला दीड ते दोन लिटर द्रव आणि तेही घोटाघोटाने. जेवणाच्या साधारण अर्धा तास आधी थांबायचं, जेवताना नाही, जेवणानंतर अर्ध्या तासाने पुन्हा सुरू. हे तुम्हाला पाठ असतं, पण सणाच्या घरात पाळलं जात नाही. एकतर हातात सतत कुणीतरी ग्लास देतं आणि दुसरं म्हणजे संध्याकाळी सगळा वेळ खाण्याच्या आसपास जातो, मग पाणी प्यायचं कधी?

उपाय एकच, पाणी सकाळीच पिऊन घ्यायचं. दुपारी चारपर्यंत निदान एक लिटर संपलेलं असलं की संध्याकाळी घाई होत नाही. बाटलीवर पेनने रेघ मारून ठेवा, डोळ्यांना दिसतं.

आधी विरघळलेल्या साखरेचं पेय आणि मग जेवण, हा क्रम सगळ्यात वाईट. सरबत, फळांचा रस किंवा गोड कॉफी पोटात थांबत नाही, तशीच आतड्यात उतरते.

तपासा: लघवी गडद पिवळी आहे, उठताना चक्कर येतेय, तोंड कोरडं पडलंय? मग आज जेवणापेक्षा पाणी महत्त्वाचं. "अशक्तपणा आलाय, काहीतरी गोड खा" या सल्ल्यावर उठून गोड खाऊ नका, आधी तासभर घोट घोट पाणी प्या.

## ४. ताट भरण्याची पद्धत

ताट हातात घेण्याआधी एकदा रिकाम्या हाताने टेबलाभोवती फिरून या. काय काय आहे ते सगळं बघा आणि मगच ठरवा. हातात ताट असलं की पहिलं दिसेल ते वाढून घेतलं जातं आणि पहिलं बहुतेक वेळा तळलेलं किंवा पिठाचंच असतं.

ताट लहान घ्या. बशी मिळाली तर उत्तम. वर्षभरानंतर बहुतेकांचं एक जेवण साधारण कपभर असतं, सुरुवातीला त्याहून बरंच कमी. तो कप असा भरायचा:

पहिला अर्धा भाग प्रोटीनचा: मासे, अंडी, चिकन, पनीर, डाळ, कडधान्यं. त्यानंतर शिजवलेली भाजी. सगळ्यात शेवटी, जागा उरली तर, पाव किंवा भाताचे एक-दोन घास. खायचंही याच क्रमाने. क्रम उलटला तर पावाचे दोन तुकडे आत फुगून बसतात आणि प्रोटीन ताटात राहतं.

मांसाहार करत असाल तर तुकडा निवडताना चोखंदळ व्हा. तासभर गरम भांड्यात राहिलेलं चिकन वाळतं, धागे सुटतात, आणि अडकण्यात पहिला नंबर त्याचाच. रश्शात बुडालेला, काट्याने सहज तुटणारा तुकडा घ्या. कोरडंच असेल तर वरून थोडा रस्सा मागून घ्या. मासे आणि अंडी सहसा त्रास देत नाहीत. कच्ची कोशिंबीर, चिवट साल असलेली फळं आणि दोऱ्यांची भाजी पहिल्या वर्षात जपून.

आवडीचा एक पदार्थ मुद्दाम ठरवून ताटात घ्या. सगळं नाकारत बसलेला माणूस रात्री अकराला स्वयंपाकघरात उभ्याने खातो, हे मी स्वतःवरून सांगते.

सावधान: दुसऱ्या कुणाला ताट वाढू देऊ नका. वाढणाऱ्याचा हात कधीच लहान नसतो.

## ५. घास

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळं नीट करून माणसं इथेच घसरतात.

ऑपरेशननंतर सातव्या महिन्यात एका लग्नात मी ठरवल्याप्रमाणे सगळं केलं होतं. सकाळचं खाणं, पाणी, लहान बशी, सगळं. शेजारी खूप वर्षांनी भेटलेली मैत्रीण होती. आम्ही हसत होतो, बोलत होतो, आणि मी बोलता बोलता मऊ पावाचा एक घास दोनदा चावून गिळला. दहा-पंधरा सेकंद काही नाही. मग छातीच्या मधोमध आतून कुणीतरी अंगठा दाबून धरावा तसं झालं. तोंडात पाणी सुटलं, ते थांबेना, फेसाळ, चिकट. मी घाबरून ग्लासभर पाणी प्यायले. ती मोठी चूक. पाणी घासाला ढकलत नाही, त्याच्यावर साठतं आणि वर येतं. पुढची चाळीस मिनिटं मी परक्या घराच्या बाथरूममध्ये होते आणि बाहेरून कुणीतरी अगदी काळजीने दर पाच मिनिटांनी दार वाजवत होतं.

मऊ पाव निरुपद्रवी दिसतो, पण थुंकीत भिजून त्याचा गोळा होतो. चिकट भात आणि पास्ताही तसाच. टोस्ट केलेला पाव त्यामानाने बरा जातो, कारण तो चावावाच लागतो.

म्हणून घासाचे नियम:

- घास नखाएवढा. मोठा चमचा बाजूला ठेवून लहान मुलांचा चमचा घ्या, कुणी विचारलं तर विचारू दे.
- २० ते ३० वेळा चावा, दाताखाली काही लागेनासं होईपर्यंत.
- गिळल्यावर चमचा खाली ठेवा. मिनिटभर थांबा. मग पुढचा.
- बोलायचं असेल तर तोंड रिकामं करून बोला. गप्पा आणि चावणं एकाच वेळी जमत नाही, निदान मला तरी नाही.
- पूर्ण जेवण २० ते ३० मिनिटांत. तेवढ्यात संपलं नाही तर ताट बाजूला. तासभर टिपत बसणं हे जेवण राहत नाही, चरणं होतं.

## ६. थांबायचं कधी

"पोट भरलं" ही जुनी जाणीव आता उशिरा येते, आणि ती आली म्हणजे एक घास जास्त झालेला असतो. शरीर त्याआधी काहीतरी खूण देतं. कुणाला उचकी लागते, कुणाला सलग दोन शिंका येतात, कुणी नकळत लांब उसासा सोडतं, कुणाला बरगड्यांखाली हलका दाब जाणवतो. माझं नाक वाहायला लागतं. रुमाल काढला की माझे घरचे समजतात, हिचं जेवण झालं.

तुमची खूण कोणती ते सणाच्या आधीच्या आठवड्यात घरच्या शांत जेवणात हेरून ठेवा. गर्दीत, गोंगाटात ती पहिल्यांदा ओळखू येत नाही.

चूक: ताटात दोनच घास उरलेत म्हणून संपवणं. ते दोन घास टाकून देणं परवडतं.

## ७. गोड

सरसकट "गोड नाहीच" असं मी म्हणणार नाही. पण कधी, किती आणि कशानंतर हे ठरलेलं असलं पाहिजे.

आत काय होतं ते आधी समजून घ्या. साखर जठरात न थांबता लहान आतड्यात एकदम उतरली की आतडं रक्तातून पाणी ओढून घेतं. जेवणानंतर साधारण १० ते ३० मिनिटांत पोटात कळ, मळमळ, छातीत धडधड, तोंड लाल, घाम आणि जुलाब. हे लवकरचं डम्पिंग. दुसरा प्रकार एक ते तीन तासांनी येतो. साखर रक्तात झपाट्याने चढते, शरीर गरजेपेक्षा जास्त इन्सुलिन सोडतं आणि शुगर खाली कोसळते. थरथर, घाम, भूक, डोळ्यांपुढे अंधारी, कधी गोंधळल्यासारखं होणं. फोनवरचे दुसऱ्या प्रकारचे लोक हेच सांगत असतात. डम्पिंग बायपासनंतर जास्त होतं, पण स्लीव्हवाल्यांनाही होतं. "आपल्याला होत नाही" म्हणणाऱ्यांना ते तिसऱ्या वर्षी पहिल्यांदा झालेलं मी पाहिलंय.

त्यामुळे:

१. कोणताही गोड पदार्थ ऑपरेशननंतर पहिल्यांदा घरी, साध्या दिवशी, आपलं माणूस जवळ असताना चाखून बघा. परक्या घरी प्रयोग नको.

२. जेवणाच्या शेवटी, प्रोटीन पोटात गेल्यावर. रिकाम्या पोटी कधीच नाही.

३. दोन-तीन छोटे चमचे. साखरेचा एक सपाट टेबलस्पून म्हणजे साधारण १२ ग्रॅम. अनेक आहारतज्ज्ञ एका वेळी १० ते १५ ग्रॅमच्या आत राहायला सांगतात. पाकातल्या पदार्थाचा एक तुकडा ही मर्यादा सहज ओलांडतो.

४. आइस्क्रीम, मिल्कशेक असलं वितळणारं, वाहणारं गोड जास्त धोक्याचं. ते अडत नाही, पोट भरल्यासारखंही वाटत नाही, म्हणून जास्त जातं. शिवाय त्यात साखर आणि स्निग्ध पदार्थ एकत्र असतात.

५. "शुगर-फ्री" लिहिलंय म्हणून चार तुकडे खाऊ नका. सॉर्बिटॉल, माल्टिटॉल यांनी पोट फुगतं आणि जुलाब होतात. मग लोक त्यालाच डम्पिंग समजतात.

तपासा: गोड खाल्ल्यावर पुढचे तीन तास तुम्ही गाडी चालवणार आहात का? उशिराचं डम्पिंग याच वेळात येतं. आधी कधी झालं असेल तर चालक दुसरा ठरवा.

## ८. दारू आणि फसफसणारी पेयं

फसफसणाऱ्या पेयांनी पोट फुगतं, दुखतं, ढेकर नीट येत नाहीत. गोड असतील तर वरचं सगळं प्रकरण आणखी. एवढंच, पुढे जाऊ.

दारूबद्दल मात्र स्पष्ट लिहिते. पहिलं निदान सहा महिने ते वर्ष अजिबात नको. त्यानंतरही आधीचा अंदाज विसरा. तोच ग्लास आता रक्तात लवकर आणि जास्त चढतो आणि उतरायला वेळ घेतो. पूर्वी दोन ग्लासांवर ठीक असणारा माणूस एकात लडखडतो आणि त्याला वाटतं, दमलोय म्हणून. दारूमुळे यकृत साखर सोडायचं थांबतं, म्हणजे उशिराचं डम्पिंग आणि दारू एकत्र आले तर शुगर आणखी खाली जाते. पाहणाऱ्याला वाटतं, चढलीय. एका ग्लासानंतरही गाडी नाही.

आणखी एक गोष्ट, ती कुणी जेवणाच्या टेबलावर बोलत नाही. बायपासनंतर काही जणांना दारूची सवय लागते, पूर्वी नसली तरी. खाण्याची जागा पिणं घेतंय असं वाटलं तर ते सर्जनच्या तपासणीत मोकळेपणाने सांगा. त्यांना हे नवीन नसतं.

## ९. आग्रह

ज्यांना ऑपरेशन माहीत आहे ते म्हणतात, "एवढंसं? अगं, आजारी पडशील." ज्यांना माहीत नाही ते म्हणतात, "डाएटवर आहेस का? आज सोड." दोघांना लांब उत्तर देऊ नका. जितकं समजावून सांगाल तितका वाद वाढतो.

माझी चालणारी वाक्यं: "फार छान झालंय, थोडं थांबून घेते." (नंतर कुणी विचारत नाही.) "मला डब्यात द्याल का? उद्या नीट चवीने खाईन." हे ऐकून वाढणारी माणसं खूश होतात. आणि अगदीच गळ्यापर्यंत आलं तर, "डॉक्टरांनी पोटाचा त्रास म्हणून कमी खायला सांगितलंय." एवढं पुरतं. ऑपरेशन सांगायचं की नाही हा तुमचा निर्णय, जेवणाच्या टेबलावर त्याची सक्ती नाही.

ताट पूर्ण रिकामं ठेवू नका. त्यात एक घास दिसत राहिला तर कुणी पुन्हा वाढत नाही.

## १०. जेवणानंतरचे आठ दिवस

आता तिसरा फोन, काट्याचा.

एका जेवणाने पाऊच ताणला जात नाही आणि एका जेवणाने दीड किलो चरबीही चढत नाही. एक किलो चरबी साठायला साधारण ७,७०० कॅलरी जास्तीच्या लागतात. कपभर पोटात एका रात्री त्या बसणारच नाहीत. मग काटा का हलला? पिठूळ आणि गोड जास्त खाल्लं की शरीर ग्लायकोजेन साठवतं आणि त्याच्या दर ग्रॅममागे साधारण ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतं. त्यात मिठामुळे साठलेलं पाणी भर घालतं. नेहमीचं खाणं सुरू केलं की तीन-चार दिवसांत ते उतरतं. म्हणून सणाच्या दुसऱ्या दिवशी काट्यावर चढूच नका. आठवड्याने, सकाळी, रिकाम्या पोटी.

खरं वजन वाढतं ते वेगळ्या वाटेने. उघड्या डब्यांच्या. ३० ग्रॅम सुका मेवा म्हणजे साधारण १७० ते १८० कॅलरी. येता-जाता पाच वेळा मूठ मारली तर दिवसाला साडेआठशेच्या पुढे. जेवण म्हणून आपण हे मोजतच नाही, कारण पोट कधी भरत नाही. चिप्स, बिस्किटं, चॉकलेटचे तुकडे चावले की पीठ होतात आणि सरळ खाली सरकतात. ऑपरेशनने लावलेलं कुलूप यांना लागत नाही.

काय करायचं:

- सणाच्या रात्रीच उरलेलं वाटून टाका. पाहुण्यांच्या हाती डबे द्या, शेजारी द्या. सकाळपर्यंत थांबलात तर बेत बदलतो.
- जे ठेवायचं ते बंद डब्यात, वरच्या कप्प्यात. तुमच्यासाठीचा वाटा एका वेळेपुरता वेगळा काढून ठेवा.
- उभ्याने खायचं नाही. बशीत घ्यायचं, बसायचं, वेळ बघायची.
- दुसऱ्या दिवशी सकाळी आधी प्रोटीन, पाणी, गोळ्या. "कालचं भरून काढायला" म्हणून उपास करू नका, आपण पुन्हा दुसऱ्या पायरीवरच्या चुकीत जाऊन पडतो.

## ११. बिघडलं तर

घास अडकला: खाणं थांबवा. पाणी, सोडा, आणखी एक घास, काहीही नको. उभे राहा, सावकाश चाला, थुंकी टिशूत टाका. बहुतेक वेळा तासाभरात सुटतं. स्वतःची थुंकीही गिळता येत नसेल आणि काही तास झाले असतील तर हॉस्पिटल.

लवकरचं डम्पिंग: आडवे व्हा, पाय वर. अर्ध्या-एक तासात ओसरतं. नंतर घोट घोट पाणी.

शुगर खाली गेली असं वाटलं: मीटर असेल तर बघा. ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर १० ते १५ ग्रॅम साखर, म्हणजे ग्लुकोजच्या गोळ्या किंवा अर्धा कप रस. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. सावरल्यावर लगेच थोडं प्रोटीन घ्या, नाहीतर तीच साखर पुन्हा वर जाऊन पुन्हा कोसळते. असं वारंवार होत असेल तर सण संपायची वाट न बघता डॉक्टरांना कळवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका, ॲम्ब्युलन्स बोलवा.

वाट बघायची नाही अशा गोष्टी: थांबत नसलेली तीव्र पोटदुखी, ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप, शांत बसूनही नाडी १२० च्या पुढे, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी, किंवा २४ तास पाणीही पोटात टिकत नसणं. बायपास झालेल्यांना जेवणानंतर येऊन जाणाऱ्या पिळवटून टाकणाऱ्या कळा ऑपरेशनला कितीही वर्षं झाली तरी दाखवायलाच हव्यात. आत आतडं खोबणीत अडकलेलं असू शकतं, आणि बाहेरून पोट मऊच लागतं. उजव्या बरगडीखाली, तळलेलं खाल्ल्यावर दुखत असेल तर पित्ताशयात खडे आहेत का ते बघायला सांगा. वजन झपाट्याने उतरलेल्यांत ते बऱ्याचदा होतात.

काही दिवस सतत उलट्या होत असतील तर ब१ जीवनसत्त्व संपतं. चालताना तोल जाणं, एकाचे दोन दिसणं, बोलण्यात गोंधळ, ही त्याची लक्षणं आणि ती तातडीची. सुटीच्या दिवशी ड्युटीवरचे डॉक्टर तुम्हाला पहिल्यांदा बघत असतात आणि पोटावरचे छोटे व्रण त्यांना काही सांगत नाहीत. म्हणून पाकिटात एक चिठ्ठी ठेवा: ऑपरेशनचं नाव, तारीख, सर्जनचा फोन, चालू औषधं, "आयबुप्रोफेन-डायक्लोफेनॅक देऊ नये" आणि "उलट्या असतील तर ग्लुकोजच्या सलाइनआधी थायामिन (ब१)". माझी चिठ्ठी मोबाइलच्या कव्हरमागे आहे, घडी घालून. दर सणाच्या आधी काढून औषधांची यादी तपासते आणि परत ठेवते.